लांब पट्टीची करवत

आमच्या घरात पहिलं यंत्र कोणतं आलं असं नातवंडं विचारतात, तेव्हा मी रेडिओ म्हणून सांगतो. ते खोटं आहे. रेडिओच्या आधी आमच्याकडे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आली होती, आणि ती निवडून आणायला मीच गेलो होतो. ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की घरातल्या तरुण माणसांना ती ठाऊकच नाही आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना चुकीची ठाऊक आहे. चुकीची ती माझ्यामुळे. मागच्या उन्हाळ्यात डोळ्यांचं ऑपरेशन झालं, अक्षरं पुन्हा नीट दिसायला लागली, म्हटलं आधी हेच लिहून काढावं. बाकीचं आयुष्य राहिलं तर राहिलं.

हिंगोलीहून कनेरगाव नाक्याला जाताना रस्त्यापासून आत आमचं गाव. माझ्या वडिलांनी, आबांनी, हळद शिजवायच्या दोन मोठ्या कढया करून घेतल्या होत्या. एकेका कढईत चार लेकरं बसवून आंघोळ घालता आली असती. रानातून हळद निघाली की गावातले लोक पाळीपाळीने त्या कढया भाड्याने नेत आणि कढईबरोबर लाकूडही आमच्याकडूनच घेत. हळद अर्धी कच्ची राहिली तर बाजारात तिला कुणी विचारत नाही, त्यामुळे कढईखालचा जाळ मधेच मंदावून चालत नाही. काट्याकुट्यांचं तिथे काम नाही. बाभळीच्या, कडुलिंबाच्या, आंब्याच्या जाड फोडी लागतात. त्या दिवसांत आमच्या अंगणाला दोन वास असायचे, उकळत्या हळदीचा मातकट, तिखटसर वास आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा. मायच्या हातची ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार, आणि ताटात हमखास पडलेला थोडा भुसा. तो आम्ही फुंकून बाजूला करायचो. आता हळद वाफेवर शिजते, टाकीवाला येतो आणि एका दिवसात वावर मोकळं करून जातो. चांगलंच आहे ते. पण त्या वासाची मला अजून भूक लागते.

ओंडके कापायला तेव्हा दोन माणसांची लांब करवत असे. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मारोती दाजी. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, शेवंता आक्काचे यजमान. त्यांच्या गावचं घर भावांच्या वाटणीत गेलं, आबांना हाताखाली माणूस हवाच होता, म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते दोघं आमच्याकडे राहायला आले. गोठ्याला लागून असलेली खोली त्यांना दिली होती. दाजी उंच, काटक, आणि आवाज काढण्यात पटाईत. घाट चढताना गिअर बदलणारी एसटी, पिठाची गिरणी, आमच्या तलाठ्याचा खोकला, सगळं हुबेहूब काढायचे. आक्का हसून लोटपोट व्हायची. पण घरजावई म्हटला की गावाला तोंड फुटतं. गिरणीवर दळण घेऊन गेले की कुणीतरी विचारायचंच, "काय मारोतराव, सासऱ्याची ज्वारी का आपली?" दाजी म्हणायचे, "ज्वारी सासऱ्याची, भूक आपली." लोक हसायचे, दाजीही हसायचे. घरी आल्यावर मात्र ते पोतं जरा जोरातच खाली टाकायचे.

एकदा दाजी कुठल्याशा धरणाच्या कामावर जाऊन आले. पाण्याखाली जाणारं जंगल तोडायला तिथे ठेकेदार आला होता. संध्याकाळी ते परतले ते चपला काढायच्या आधीच ओसरीवर उभे राहून त्यांनी एक नवीन आवाज काढला. आधी फट-फट-फट, मग एकदम वर चढत गेलेली किंकाळी, मग पुन्हा फट-फट. गोठ्यातली गाय वळून बघायला लागली.

"हे काय नवीन?" आबांनी विचारलं.

"करवत हाय आबा. पेट्रोलची. पट्टीभवती सायकलीवानी साखळी फिरती, साखळीला दात. आपण दोघं दिसभर जे कापतो ते तिथं एक माणूस बिडी इझायच्या आत कापून राहिला."

"पेट्रोल पिऊन लाकूड खाती म्हणा."

"व्हय. अन् भाकर मागत न्हाई, पाठ दुखती म्हनत न्हाई."

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही. जेवताना करवत, बैलं सोडताना करवत. मी तेव्हा विशीतला, कॉलेज अर्ध्यावर सोडून घरी बसलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कशासाठी तरी लवकर जाग यायला लागली होती. दाजी आणि मी अंगणात कोळशाने पट्टीची चित्रं काढायचो. आबा वरवर कुरकुर करत, पण एका रात्री जेवण झाल्यावर त्यांनी दाजींना समोर बसवलं. "मारोतराव, घ्या मशीन. एक हंगाम चालवून दाखवा. चार लोकांम्होरं मोठा ओंडका कापून दाखवा, लोकाईनं लाकूड मागितलं पायजे. तसं झालं तर मशीन बी तुमचं अन् नाक्यावरची आपली जागा बी तुमची. तिथं लाकडाचा अड्डा टाका, मागं घर बांधा, अन् माझ्या लेकीला घेऊन तिकडं ऱ्हावा." 

आत चुलीवर आक्का भाकरी करत होती. ती भाकरी करपली. पुढच्याच आठवड्यात भांड्यांवर नावं घालणारा आला, तेव्हा आक्काने आपल्या लग्नातली सगळी भांडी ट्रंकेतून काढली आणि त्यांवर 'सौ. शेवंता मारोती' असं घालून घेतलं. माहेरात राहून तिने ती कधी वापरली नव्हती. नाक्यावरच्या घरात चूल कुठल्या तोंडाची असावी यावर ती मायशी वाद घालायची. घर अजून कुणी पाहिलं नव्हतं, पण चुलीचा धूर कुठून जाईल हे ठरलं होतं.

करवत घ्यायला आम्ही दोघं सिकंदराबादला गेलो. हिंगोलीहून छोट्या रुळाची गाडी, पूर्णेला बदलायची, मग पुढे. आक्काने धपाटे आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. वाटेत दाजी एक मिनिट गप्प बसले नाहीत. रुळाकडेचं प्रत्येक झाड बघून त्याचा हिशेब चालला होता, हे लिंब तासाभरात, ती बाभूळ पाणी प्यायच्या आत. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने घाबरून विचारलं, "तुमी जंगलखात्याचे का?" दाजी म्हणाले, "न्हाई बाबा, आमी झाडाचे सोयरे."

जुन्या यंत्रांच्या बाजारात एका दुकानात आम्हाला हवं ते सापडलं. दुकानदार मेंदी लावलेल्या दाढीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. कुठल्यातरी मोठ्या कामावरून लिलावात आलेला माल त्यांच्याकडे पडला होता. पंप, इंजिनं, आणि एका कोपऱ्यात पोत्यावर मांडून ठेवलेल्या दोन साखळीच्या करवती. एक लहान, हातभर पट्टीची, तिच्या जोडीला दोन जादा साखळ्या. दुसरी मोठी. तिची पट्टी जमिनीवर उभी केली तर माझ्या कमरेच्या वर येत होती. रंग उडालेला, पण इंजिन रुंद, आणि दातांची साखळी एखाद्या दागिन्यासारखी तेल लावून ठेवलेली. मला त्या क्षणापासून लहान करवत दिसेनाशी झाली.

चाचांनी दोन्ही चालू करून दाखवल्या. पेट्रोलात थोडं तेल मिसळलं, टाकीत ओतलं, पायाने मशीन दाबून दोरी ओढली. लहान करवत पहिल्या झटक्यात चालू झाली. दाजींनी ती हातात घेतली आणि मागच्या अंगणात पडलेल्या एका वाशावर टेकवली. वासा दोन तुकडे होऊन पडला आणि भुसा आमच्या पायांवर आला. दाजी माझ्याकडे बघून हसले, लहान लेकरू हसतं तसे. "नामा, ही हातात बसली बघ. माझ्या अंगाची हाय."

मग मोठी. तिला दोरीचे बरेच झटके लागले, पण चालू झाली तेव्हा दुकानातले पत्रे थरथरले आणि गल्लीतली माणसं डोकावून गेली. तो आवाज माझ्या छातीत शिरला. आजही एखादा ट्रक खिडकीशी उभा राहिला की मला तो आठवतो.

"छोटी ले लेव भाई," चाचा म्हणाले. "दो चेन साथ में देतूँ. बड़ी की चेन येकीच है. टूटी तो ढूँढते फिरना पड़ता."

"आपले ओंडके केवढे असतात दाजी?" मी म्हणालो. "ही लहानी निम्म्यात जाऊन थांबल."

"मग लाकूड उलटू अन् दुसऱ्या अंगानं कापू."

"उलटायचंच असलं तर आपली जुनी करवत काय वाईट? अन् गणपत बघायला येणार हाय, ध्यानात हाय ना?"

गणपत म्हणजे गावातला दुसरा लाकूड कापणारा. त्याची आणि त्याच्या भावाची जोडी आमच्यापेक्षा हाताने जलद होती आणि तो ते विसरू देत नसे. हे नाव मी मुद्दाम काढलं. दाजी पुन्हा लहान करवतीकडे बघत राहिले, मूठ एकदा दाबून पाहिली, आणि ती पोत्यावर ठेवली. "चला, तुमचंच खरं. सासरवाडीत मेव्हण्याचं ऐकावं लागतं," असं म्हणून ते हसले. मीही हसलो. त्या वाक्यात काय होतं ते कळण्याइतकी अक्कल मला तेव्हा होती, फक्त ती वापरायची इच्छा नव्हती.

निघताना चाचांनी दाजींना थांबवून पट्टीचं टोक बोटाने दाखवलं. "येक बात याद रखो. नोक से नक्को काटो. नोक किसी को लगी तो मशीन उछल के उप्पर आती. हात-मूँ कुछ नहीं देखती." दाजींनी ते वाक्य चाचांच्याच आवाजात दोनदा म्हणून दाखवलं. चाचांना इतकं हसू आलं की त्यांनी आम्हाला चहा पाजला.

परतीच्या गाडीत करवत पोत्यात गुंडाळून आम्ही बाकाखाली सारली. पेट्रोलचा वास डबाभर झाला. तिकीट तपासणाऱ्याने काठीने पोतं ढोसून विचारलं, "काय आहे यात?" दाजी शांतपणे म्हणाले, "न्हाव्याचं सामान हाय साहेब. झाडाची दाढी करायचं." तो माणूस हसत पुढे गेला, आणि आम्ही पूर्णेपर्यंत त्याच एका वाक्यावर हसत होतो.

गावात करवत आली त्या दिवशी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मायने पाटावर ठेवून तिची पूजा केली, पट्टीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आबांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि दाजींनी दोरी ओढली. किंकाळी उठली तशी गावातली कुत्री ओढ्यापलीकडे पळाली, आमच्या कालवडीने दावं तोडलं, आणि शेजारच्या आत्याबाई दळता दळता जातं सोडून रस्त्यावर आल्या. दाजींनी आंब्याची एक फांदी कापली. लोक पुढे येऊन कापलेल्या तोंडावरून हात फिरवत होते. "लोण्यावानी," कुणी म्हणालं. गणपतही आला होता. त्याने कापाला नाक लावून वास घेतला. "जळकं लाकूड वास मारून राहिलं," म्हणाला, आणि निघून गेला. आम्हाला त्याचाही आनंद झाला.

पुढचे काही दिवस दाजी रोज सराव करायचे. हंगाम तोंडावर आला. कढया बोलून ठेवलेल्या सगळ्यांना आबांनी एका सकाळी घरी बोलावलं. त्यांच्यापुढे मोठा ओंडका कापून दाखवायचा होता. पण आमच्याकडचे मोठे ओंडके आधीच हाताने कापून झाले होते. उरलेल्या लाकडांवर लहान करवतही चालली असती. मोठी आणायला मीच लावली होती, तेव्हा तिच्या तोंडाला शोभेल असं लाकूड शोधायचं कामही माझ्यावरच आलं.

नरसीकडे माझ्या मामाचं गाव. मामाचा निरोप आला की गावातला पाराजवळचा लिंब वादळात पडला आहे, बुंधा घेऊन जा. मी गाडी जोडून गेलो. तो लिंब मला चांगला माहीत होता. त्या भागात दाढ दुखायला लागली की लोक तिथे जात. एक म्हातारा देवऋषी होता, तो दुखऱ्या दाढेला लोखंडी खिळा लावायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि तो खिळा लिंबाच्या खोडात ठोकायचा. दुखणं झाडात गेलं. मी लहान असताना मायने मलाही तिथे नेलं होतं. खिळ्याची लोखंडी चव आणि हातोडीचा पहिला ठोका मला अजून आठवतो. पिढ्यान्पिढ्यांचे खिळे त्या खोडात होते. झाड वाढत गेलं तसं ते आत गिळलं गेलं होतं, वरून काहीच दिसत नव्हतं. ते लाकूड त्या गावात कुणी जाळायला तयार नव्हतं. जाळलं तर सगळ्यांच्या दाढा परत दुखतील अशी त्यांची समजूत.

मामाने बुंधा गाडीवर चढवून दिला. कासरा माझ्या हातात देताना म्हणाला, "बुडाकडं खिळे हायत बरं. आबाला सांग, तेवढं करवतीखाली घालू नगा."

"सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितलं नाही. घरी आबांनी विचारलं, लाकूड कुठलं, तेव्हा मी म्हणालो, मामाच्या बांधावरचं. दाढदुखीचा लिंब म्हटलं असतं तर मायने तो अंगणात उतरू दिला नसता आणि आबांनी दुसरं लाकूड शोधायला सांगितलं असतं. तसं दुसरं मिळणार नव्हतं. मी मनाशी हिशेब केला होता. खिळे बुडाकडे, उभ्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीच्या आत. आपण शेंड्याकडून कापत येऊ, लोक बघून समाधानी होतील, आणि बुडाचा तुकडा मी नंतर गुपचूप बाजूला काढीन. हिशेब बरोबर होता. अजून मला त्यात चूक सापडत नाही.

त्या सकाळी आक्काने सगळ्यांसाठी गूळ घालून चहा केला होता. लोक ओळीने बसले होते. लिंबाचा तो बुंधा अंगणाच्या मधोमध, खाली दोन लाकडांचे टेकू. दाजींनी धोतराचा सोगा खोचला, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि दोरी ओढली. शेंड्याकडून पहिला काप. पट्टी लाकडात सरळ उतरली आणि गोल तुकडा जमिनीवर पडून गडगडत आबांच्या पायाशी गेला. लोक ओरडले. दुसरा काप, तिसरा काप. पांढरा भुसा उडत होता, दाजींच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. लोकांनी बसल्या जागी लाकूड मागायला सुरुवात केली. "आबा, मला याच्याच फोडी पायजेत." "माझ्याबी नावानं ठेवा." आबा दाढी खाजवत होते, आणि मला ठाऊक होतं की ते नाक्यावरच्या जागेचं बोलणार. आक्का दारात उभी होती, पदराने तोंड झाकून. मी आयुष्यात इतका खुश फार थोड्या वेळा झालो असेन.

तेव्हा गणपत म्हणाला, "शेंडा कुनीबी कापंल. बूड कापून दाखवा की मारोतराव. का त्यालाबी सासऱ्याला इचारावं लागतं?"

सगळे हसले. दाजींनी मशीन बंद न करता बुडाकडे पाहिलं. मग त्यांनी सासऱ्याला नाही, मला विचारलं. मशीन फटफटत होतं, म्हणून ओरडूनच. "काय नामा, कापू का?"

तोंडात एक वाक्य होतं. दाजी, तिथं खिळे हायत. तेवढं म्हटलं असतं तर लोक चार घटका हसले असते, आबांनी मला सगळ्यांदेखत खोटा ठरवला असता, गणपतने वर्षभर ते पुरवून खाल्लं असतं. बस, एवढंच झालं असतं. अंगणभर लोक माझ्या करवतीकडे बघत होते. मी म्हणालो, "कापा."

पट्टी बुडात निम्म्याच्या पुढे गेली होती. मला एक ठिणगी दिसली. उन्हात ती दुसऱ्या कुणाला दिसली नसावी. मशीन उसळलं, साखळी तुटली आणि फटका मारून मागे आली. दाजी बसले. मशीन आपोआप बंद पडलं आणि अंगणात इतकी शांतता झाली, की आत चुलीवर चहा उतू गेलेला ऐकू आला. त्यांच्या उजव्या हातातून रक्त गळत होतं. आक्काने पदर फाडून बांधला. कुणीतरी हळद आणली, आमच्या घरात तिला काय तोटा. त्यांना गाडीत घालून हिंगोलीला सरकारी दवाखान्यात नेलं.

गाडीत आबांनी मला विचारलं, "काय झालं रे? तू जवळ होतास."

चाचांचं वाक्य तयारच होतं. मी म्हणालो, "पट्टीचं टोक पलीकडच्या टेकूला लागलं असंल."

दाजी शुद्धीवर होते. पांढरेफटक पडलेले, आक्काच्या खांद्याला टेकलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "चाचानं सांगितलं व्हतं. माझंच ध्यान न्हाई ऱ्हायलं." मला वाटलं होतं ते विरोध करतील. त्यांनी माझं खोटं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं.

बुडाचा तो अर्धवट कापलेला तुकडा मी दुसऱ्या दिवशी पहार घालून वेगळा केला, कापाचं तोंड खाली करून लोटला आणि पहिल्याच कढईखाली अख्खा सारला. जाळ विझल्यावर राखेत हात घालून खिळे वेचले. मूठभर निघाले. माझी दाढ काही दुखली नाही, सत्तरी ओलांडली तरी ती जागेवर आहे. दाजींच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुन्हा मिटली नाहीत. मोठ्या करवतीची साखळी कुठेच मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी आबांनी ती बसवू दिली नसती. "मारोतरावाला मशीन झेपलं न्हाई," असं गाव म्हणायला लागलं. नाक्यावरच्या जागेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आबांनी ते मुद्दाम टाळलं असं मला वाटत नाही. हाताने अधू झालेल्या माणसाला लेकीसह एकटं रस्त्यावर घालवायला त्यांना धीर झाला नसेल. आक्काची भांडी परत ट्रंकेत गेली. त्या दोघांचं सगळं आयुष्य गोठ्याशेजारच्या खोलीत, पुढे तिथेच वाढवलेल्या दोन खोल्यांत गेलं. दाजींनी बैलं सांभाळली, डाव्या हाताने भाकरी मोडायला शिकले, आवाज काढायचे तेही चालू ठेवले. फक्त एक आवाज पुन्हा काढला नाही.

सांगायची संधी मिळाली नाही असं म्हणणं खोटं होईल. आम्ही एकाच अंगणात राहत होतो. आबा गेले तेव्हा सांगता आलं असतं, आक्का आजारी पडली तेव्हा सांगता आलं असतं, तिला अग्नी देऊन परतताना आम्ही दोघंच मागे राहिलो होतो तेव्हाही. दर वेळी वाटायचं, आता कशाला, म्हातारपणी त्यांना कशाला तकलीफ. खरं तर तकलीफ मला होणार होती.

आता साखळीच्या करवती हिंगोलीच्या दुकानांत ओळीने टांगलेल्या असतात. काही वर्षांपूर्वी आक्काच्या मुलाने, भानुदासने, एक आणली. वादळात आमची बाभूळ पडली होती. मी त्या दिवशी दाजींकडे ठरवूनच गेलो होतो. ओसरी उतरताना वाक्य पाठ केलं होतं. दाजी अंगणात बाजेवर बसले होते, खूप वाळले होते, पण ती करवत बघून त्यांचे डोळे जुन्यासारखे चमकत होते. त्यांनी ती मांडीवर घेतली, पट्टीवरून न मिटणारी बोटं फिरवली आणि भानुदासला म्हणाले, "हलकी हाय. चांगली निवडली. पर एक ध्यानात ठेव. टोक कशाला लागू द्यायचं न्हाई. म्या लागू दिलं अन् सगळं घालवून बसलो. तुझ्या मायला नाक्यावर घर व्हणार व्हतं."

भानुदास म्हणाला, "बाबा, तुमी हे किती बार सांगता."

"इचार तुझ्या मामाला. तिथंच उभा व्हता त्यो."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. दाजींच्या चेहऱ्यावर काही संशय नव्हता. त्यांना फक्त साक्ष हवी होती.

"व्हय," मी म्हणालो. "टोकच लागलं होतं."

दाजींनी समाधानाने मान हलवली आणि करवत लेकाच्या हातात दिली. त्या हिवाळ्यात ते गेले.

मी त्या दिवशी पाठ करून गेलो होतो ते वाक्य असं होतं: दाजी, मला माफ करा, टोक कुठंच लागलं नव्हतं, मशीन तुमी बराबर धरलं होतं.